अर्धं जुनं, अर्धं नवं

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची जोडसाखळी मांडली. पण पेशी दुभंगण्याआधी तिची नक्कल होते कशी? एकमेकींत पीळ घातलेल्या साखळ्या सुटणार कशा, ही मॅक्स डेलब्रुकची शंका रास्तच होती.

कॅलटेकमध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू साध्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर डीएनए ना जड, ना हलका.. बरोब्बर मधला! दुसऱ्या पिढीत निम्मा मधला, निम्मा हलका. म्हणजे प्रत्येक जोडीत एक साखळी जुनी, एक नवी. हे १९५८ साली प्रसिद्ध झालं.

परवा भाचीला हे सांगत होतो. तिने विचारलं, "मामा, मग त्या पहिल्या दोन साखळ्यांचं पुढे काय होतं?"

असतात गं.. वाढत्या गोतावळ्यात, कुठल्यातरी दोघांपाशी.

आजीची आठवण आली.