छोट्या विमानाची चाके आणि पाती

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचे ‘पस मॉथ’ विमान लहानखुरे होते. त्याच्या प्रॉपेलरची, म्हणजे पुढच्या पंख्याची, पाती एकाच कोनात कायमची बसविलेली होती. चाकेही सबंध उड्डाणभर बाहेरच राहत. चाकांच्या दांड्यांवरील आवरणे आडवी फिरवून वाऱ्याला मुद्दाम अडथळा करावा व उतरताना वेग कमी करावा, अशी सोयही त्यात होती. चाकांचा सांगाडा वारा अडवितो, हे विमान बांधणारे पुरते जाणून होते. तो किती अडवितो, याचे मापही त्यापूर्वीच अमेरिकेत निघाले होते.

व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथील सरकारी संशोधनकेंद्रात 1927 साली 20 फूट व्यासाचे वातविवर, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचा बोगदा, सुरू झाले. फ्रेड वाइक या तरुण अभियंत्याने त्यात ‘स्पेरी मेसेंजर’ हे छोटे विमान ठेवून परीक्षा केली. वाऱ्याच्या एकूण विरोधापैकी सुमारे 40 टक्के विरोध एकट्या चाकांच्या सांगाड्याचा निघाला. मग मोठ्या विमानांनी पक्ष्याप्रमाणे पाय पोटाशी घ्यावेत, हे ओघानेच आले.

1933 सालच्या ‘बोइंग 247’ या प्रवासी विमानाची चाके अशी आत जात. परंतु डोंगराळ मुलुखातील उंच विमानतळांवर, जेथे हवा विरळ, तेथून भरल्या वजनाने उडणे त्याला जड जाऊ लागले. दोष पंख्याचा होता. पात्यांचा कोन लहान असला तर पंखा उड्डाणाच्या वेळी जोर देतो, पण पुढे वेगात उणा पडतो. कोन मोठा असला तर नेमके उलट घडते. जणू एकाच गिअरमध्ये मोटार घाटही चढावी आणि सपाटीवरही धावावी! फ्रँक कॉल्डवेल या अभियंत्याने उड्डाणातच पात्यांचा कोन बदलणारा पंखा दिला. त्याने धाव सुमारे 20 टक्क्यांनी घटली, वर चढण्याचा वेग 22 टक्क्यांनी वाढला आणि सरळ उड्डाणाचा वेगही 5 टक्क्यांहून अधिक वाढला. पुढची पायरी स्थिरगती पंख्याची होती. यात गव्हर्नर नावाचे छोटे यंत्र इंजिनाच्या फेऱ्यांवर नजर ठेवते. फेरे वाढू लागले की ते तेलाच्या दाबाच्या साहाय्याने पात्यांचा कोन वाढविते, घटू लागले की कमी करते. वैमानिकाने ठरविलेली गती कायम राहते.

मोठ्या विमानांनी दोन्ही सुधारणा उचलल्या. छोट्या विमानांनी काय करावे? याचे उत्तर वाइक यांनीच दिले, आणि ते अनपेक्षित होते. 1934 साली त्यांनी सहकाऱ्यांसह फावल्या वेळात एक विमान बांधले. सामान्य माणसाला निर्धास्तपणे चालविता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्याच विचारातून 1940 साली ‘अर्कूप’ बाजारात आले आणि पुढे पायपर कंपनीत वाइक यांच्या सहभागाने 1960 साली ‘चेरोकी’ उडाले. चाकांचा विरोध ज्यांनी मोजला, त्यांनीच या सर्व विमानांची चाके बाहेर ठेवली.

यात विसंगती नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मंद विमानाला चाकांचा जाच कमी, आणि चाकांवर निमुळती आवरणे घातली की तो आणखी उतरतो. उलट, चाके आत घेणारी यंत्रणा वजन, किंमत व देखभाल वाढविते. शिवाय माणूस विसरतो. एकटा वैमानिक थकलेला असतो, हवा बिघडलेली असते आणि चाके खाली न सोडताच विमान जमिनीला टेकते. 1967 साली पायपरने चाके आत घेणारे ‘अॅरो’ काढले, तेव्हा वेग उतरताच चाके आपोआप खाली येण्याची योजना त्यात करावी लागली, ती याच धास्तीने.

पंख्याचा हिशेब निराळा आहे. आखूड धावपट्टी, उन्हाळ्याची विरळ हवा, पूर्ण भार आणि समोर झाडांची रांग, अशा घडीला वळत्या पात्यांनी मिळणारा जोर प्राण वाचवू शकतो. म्हणूनच 1956 सालच्या ‘सेस्ना 182’ ने आणि 1965 सालच्या ‘चेरोकी सिक्स’ ने पाती वळती घेतली, चाके मात्र स्थिर ठेवली. 2001 साली आलेले ‘सिरस एसआर 22’ ताशी सुमारे 330 किलोमीटर वेगाने जाते, तेही चाके बाहेर ठेवूनच. त्यात पंख्याचे नियंत्रण इंजिनाच्या दांड्याशीच जोडून वैमानिकाचे एक व्यवधानही कमी केले आहे.

बाहेर राहिलेली चाके पाहून एखाद्याला ते विमान जुन्या वळणाचे वाटेल. पण वाइक यांनी वाऱ्याचा विरोध मोजला, तसा माणसाचा विसरभोळेपणाही हिशेबात धरला. आणि छोट्या विमानात बसणाऱ्यांच्या दृष्टीने ही दुसरी मोजणी पहिलीइतकीच मोलाची ठरली.