शिवडीची भूमि व राणीची बाग

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत आपल्यांपैकीं अनेकांचे पूर्वज निजले आहेत. ती भूमि पूर्वीं बाग होती, हें थोड्यांसच ठाऊक. ती जागा मृतांस दिली गेली आणि भायखळ्यास राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली. तीच आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

लगतच्या संग्रहालयाच्या आवारांत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं विलायतेस नेतांना तो भंगला. मागाहून जोडला गेला. जवळचा घड्याळाचा मनोरा यहुदी दानशूर डेव्हिड ससून ह्यांच्या नांवाचा.

देऊळ, मशीद, अग्यारी, यहुदी प्रार्थनामंदिर व ग्लोरिया चर्च, सर्वांचीं मुलें ह्याच सावलींत खेळतात. म्हणून आम्ही विनवितों कीं, ज्युबिलीच्या वर्षीं मृतांसाठीं प्रार्थना करण्यास शिवडीस जावें, व जिवंत शेजाऱ्यांस ओळखण्यास भायखळ्यास.