रत्नागिरीच्या बोली, झाडे आणि नोंदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सांस्कृतिक विविधता व जैवविविधता यांचे नाते अतूट आहे, अशी भूमिका १९८८ साली ब्राझीलमधील बेलेम येथील जाहीरनाम्यात लोकजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी घेतली. रत्नागिरी जिल्ह्यापुरते पाहिले तर हे नाते, निदान कागदोपत्री, त्यापूर्वी ऐंशी वर्षे तुटलेले होते.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १९०५ मध्ये, जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड निघाला. कुक यांनी वनस्पतींची देशी नावे दिली. ती कोणत्या जमातीच्या तोंडची, हे सांगणे त्यांचे प्रयोजन नव्हते. ग्रिअर्सन यांनी संगमेश्वरी, बाणकोटी, काथोडी या बोली नोंदविल्या. परंतु त्यासाठी मुख्यतः बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा आणि सर्व हिंदुस्थानाकरिता एकच ठरलेली शब्दयादी वापरली. या यादीत उंट आहे. एकाही वृक्षाचे वा धान्याचे नाव नाही. ज्या खैराच्या गाभ्यापासून काथ काढण्यावरून काथोडी अर्थात कातकरी हे नाव पडले, तो खैरही त्यात नाही. तौलनिक भाषाशास्त्राला अशी यादी सोयीची होती, हे मान्य करावे लागेल. पण बोलीचा जो भाग सर्वाधिक स्थानिक, नेमका तोच तिच्यातून निसटला.

पुढे काथाचा व्यवसाय कारखान्यांकडे गेला. चिपळूण परिसर त्यासाठी ओळखला जातो. कातकरी कोळसा पाडण्याच्या व वीटभट्ट्यांच्या मजुरीकडे वळले. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना ना जंगल मिळाले, ना त्यातील वस्तूंना आजोबांनी दिलेली नावे.

कुणबी शेतीतही हेच घडले. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक घेतले जाई. भाताच्या रोपांसाठी राब भाजला जाई. त्यासाठी ऐन-किंजळाचा कवळ तोडावा, फळझाडे राखावीत, ही जाण भाजावळीच्या शब्दांतूनच मुलांना मिळत असे. मुंबईकडील स्थलांतराने माणसे कमी झाली. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली आणि आंबा-काजूच्या कलमांनी वरकस व्यापली. या योजनेने शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र राब थांबला की भाजावळ हा शब्द कोशातच उरतो.

कातळाच्या सड्यांची कथा अधिक बोलकी आहे. गावाच्या लेखी सडा म्हणजे पावसाळी चराई, पाणी मुरण्याची जागा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा बहर. महसुली दप्तरात मात्र अशी जमीन सर्रास पोटखराब. केवळ कोकणात आढळणारी दीपकाडी याच कातळांवर उगवते. जमीन एकदा खराब ठरली की सुरुंग लावून खड्डे घेणे, बाहेरची माती आणून कलमे लावणे, ही सुधारणाच ठरते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली. स्थानिक नावांना त्यांत जागा आहे. परंतु ती नावे प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून लिहिली गेली असतील, तर कुक यांच्या ग्रंथाहून अधिक काही हाती येणार नाही. या नोंदवह्या तपासण्यासाठी महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र आणि मराठी या दोन्ही विभागांनी एकत्रितपणे कातकरी वाड्यांवर जाणे आवश्यक आहे, आणि तेही तेथील वृद्ध हयात असेतोवर.