मोटार खरेदीतील इंधन आणि गिअरच्या निवडीचा पूर्वेतिहास

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली, ती घेणाऱ्यापुढे दीर्घकाळ निवड अशी नव्हतीच. इंजिन पेट्रोलचे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, हे ठरलेले असे. खरी निवड निर्माण केली ती सरकारी दरनियंत्रणाने. शेती आणि मालवाहतुकीसाठी डिझेल स्वस्त ठेवले जाई, परंतु त्या सवलतीचा लाभ खासगी मोटारींनाही मिळे. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले आणि डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रणात राहिले, तेव्हा पेट्रोल व डिझेलच्या दरांतील तफावत इतकी वाढली की मध्यमवर्गीय खरेदीदार महाग डिझेल गाडीकडे वळला. शेतकऱ्यासाठीची सवलत अशी शहरी मोटारीत जिरावी, ही धोरणाची गंभीर चूकच म्हटली पाहिजे.

स्वयंचलित गिअर महाग आणि इंधनखाऊ मानला जाई. मारुतीच्या २०१४ च्या सेलेरिओ मोटारीत ‘एएमटी’ आली. तीत गिअरपेटी नेहमीचीच असून क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम संगणकनियंत्रित यंत्रणा करते, त्यामुळे ही सोय छोट्या गाडीच्या आवाक्यात आली. इंधनाच्या बाबतीत पाहता, एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे ‘बीएस-६’ निकष लागू होताच मारुतीने डिझेल मोटारी थांबवल्या.