स्वयंचलित मागोवा (प्राणिवर्तन)

माणसाच्या सततच्या पाळतीविना, यंत्राने प्राण्यांच्या हालचाली टिपून त्यांच्या वर्तनाचा अभ्यास करण्याची पद्धत. प्रयोगशाळेत ‘डीपलॅबकट’सारखी संगणकप्रणाली कॅमेऱ्याच्या चित्रणातून उंदरांचे नाक, कान व शेपटीचे मूळ ओळखते आणि त्यांवरून कोण कोणाला हुंगतो, कोण पाठलाग करतो, हे ठरविता येते; मात्र दोन उंदीर एकमेकांना बिलगले की त्यांच्या ओळखींची अदलाबदल होऊ शकते, ही खरी मेख होय. रानात हे काम उपग्रहाद्वारे स्थान कळविणारा गळपट्टा करतो : पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातील तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये तो बसविल्यामुळे, हा वाघ तेलंगणमार्गे १,३०० किमी.हून अधिक चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचल्याचे समजले. वाटेत त्याची कोणाशी गाठ पडली, हे मात्र एकट्या पट्ट्यावरून कळत नाही.