चालता सर्व्हर बदलताना : प्रस्तावना

वापरकर्ता आणि डेटाबेस यांच्यामध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर उभा असतो. अर्ज तिथे तपासला जातो, हिशेब तिथे होतो, पावती तिथून निघते. हा सर्व्हर नव्या आवृत्तीवर कसा न्यावा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक घेऊन शेतकरी सेवा केंद्रांवर रांगा लावून होते, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा आठवड्यात ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे एखाद्याचा अख्खा हंगाम विम्याबाहेर जाण्याची भीती. म्हणून माझे ठाम मत आहे : सेवा कोणाची, कधी अडेल आणि बिघडल्यास किती वेळात मागे फिरता येईल, यावरून अपग्रेडची पद्धत ठरवावी.

मुख्य पद्धती तीन. पहिलीत त्याच मशीनवर जुनी आवृत्ती थांबवून नवी बसवतात. खर्च कमी, पण तेवढा वेळ सेवा बंद आणि परतायला बॅकअपचाच आधार. दुसरीत शेजारी नवा सर्व्हर उभा करून, तपासून, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरवरून वाहतूक तिकडे वळवतात. मशीन दुप्पट लागतात, पण जुना सर्व्हर तयारच असल्याने मागे येणे सोपे. तिसरीत अनेक सर्व्हरपैकी एकेक बाजूला काढतात : नव्या विनंत्या थांबवायच्या, चालू कामे संपू द्यायची, मग आवृत्ती बदलायची.

खरी परीक्षा बारकाव्यांत होते. केंद्रचालकाचा अर्धा भरलेला अर्ज सर्व्हरच्या मेमरीतल्या सेशनमध्येच असेल, तर रीस्टार्टसरशी तो जातो. म्हणून सेशन बाहेर, सामायिक जागी ठेवावे. तिसऱ्या पद्धतीत काही काळ जुनी-नवी आवृत्ती एकाच डेटाबेसवर चालते. अशा वेळी गट क्रमांकाच्या कॉलमचे नाव थेट बदलले, तर जुना सर्व्हर तिथेच अडतो. आधी नवा कॉलम जोडावा, दोन्हींत नोंद ठेवावी, आणि जुन्याची गरज पूर्ण संपल्यावरच तो काढावा.

झेप केवढी आहे, हेही पाहावे लागते. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई, म्हणजे जावातल्या सर्व्हर ॲप्लिकेशनसाठीची मानके, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले; पुढे त्यांचे नाव जकार्ता ईई झाले. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजनावे ‘जकार्ता’ झाली. परिणामी टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या बाबतीत, टॉमकॅट ९ वरचे ॲप्लिकेशन टॉमकॅट १० वर जसेच्या तसे चालत नाही. नऊमधल्या नऊमध्ये किरकोळ सुधारणा एकेक सर्व्हर घेऊन उरकता येते. नऊवरून दहावर जाताना मात्र शेजारी नवा सर्व्हर उभारून कसून चाचणी करणे शहाणपणाचे. थांबून राहण्यालाही किंमत आहे : टॉमकॅट ८.५ चा आधार ३१ मार्च २०२४ रोजी संपला, त्यानंतर त्यातल्या सुरक्षात्रुटी प्रकल्पाकडून दुरुस्त होत नाहीत.

अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यापासून कार्यालयातल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरपर्यंत सर्वांचे इथे स्वागत आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या तालुक्यातली एक ऑनलाइन सेवा निवडा, तिच्या वर्षभरातल्या गर्दीच्या तारखा कागदावर मांडा आणि उरलेल्या दिवसांत अपग्रेडसाठी जागा शोधा. पुढची सगळी प्रकरणे त्याच कागदावर काम करतील.