उग्र श्वानांची ख्याती : जुन्नर–आंबेगाव परिसर

कुत्र्याच्या एखाद्या जातीविषयी किंवा प्रकाराविषयी समाजात रूढ झालेल्या भीतीस त्याची उग्र ख्याती असे म्हणता येईल. ही ख्याती जातीच्या अंगभूत स्वभावातून निर्माण होते, की मालकाने केलेल्या संगोपनातून, हा प्रश्न बराच जुना आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत त्याचा विचार करण्यास अनुकूल सामग्री मिळते. कारण येथील वाटसरू ज्या कुत्र्याला परंपरेने भीत आला, तो परदेशी नाही आणि नोंदणीकृत वंशाचाही नाही. तो धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा होय. बाजारपेठेत टपरीच्या सावलीला पहुडलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत घोटाळणारा गावठी कुत्रा आणि मेंढ्यांच्या कळपाजवळ परक्या माणसाला शंभर पावलांवर थोपवून धरणारा कुत्रा यांच्या अंगलटीत पुष्कळदा फारसा फरक आढळत नाही. फरक असतो तो त्यांना सोपविलेल्या कामात आणि त्यांच्या बालपणात.

या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांचा असून तेथे महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती आहे. पूर्वेकडे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत जमीन सपाट होत जाते. कालव्याचे पाणी येण्यापूर्वी हा पूर्व भाग मुख्यतः बाजरी-ज्वारीचा व माळरानाचा होता. पारनेरकडील आणि आसपासच्या तालुक्यांतील मेंढपाळांचे कळप येथून चराईसाठी जात-येत असतात. पीक निघाल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळते व मेंढपाळाला धान्य किंवा पैसा. म्हणजे कळपाचा मुक्काम रोज नव्या शिवारात, नव्या माणसांच्या शेजारी पडतो. रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावतात. त्या जाळीबाहेरची राखण कुत्र्यांकडे असते.

माळावरील मुख्य शत्रू लांडगा. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील नमुन्यांवरून १८३१ मध्ये केले, आणि त्याच वर्षी येथील रानकुत्र्याचेही (कोळसुंद्याचे) वर्णन प्रसिद्ध केले. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला १८३७ मध्ये विद्वानांपुढे ठेवणारा साइक्स तो हाच. ज्या प्रदेशात लांडगा होता, तेथे मेंढपाळाला भित्रा कुत्रा परवडणारा नव्हता. वाड्यावरच्या कुत्र्याची उग्रता ही अशा रीतीने व्यवसायाची गरज होती.

ही उग्रता घडते कशी, हे पाहण्यासारखे आहे. वाड्यावर जन्मलेले पिलू डोळे उघडल्यापासून मेंढ्यांच्या वासात वाढते. ते कोकरांच्या शेजारी झोपते. बिऱ्हाड हलते तेव्हा घोड्याच्या पाठीवरील सामानात कोंबड्या व करडांबरोबर त्याचीही सोय होते. घरातील बायका-मुले त्याला ओळखीची, मेंढ्या ओळखीच्या, वाड्यावरची मोठी कुत्री ओळखीची. बाकीचे सर्व जग परके. अंधारात काही हलले की मोठी कुत्री भुंकत धावतात आणि पिलू त्यांच्या मागे धावते. त्याला असे कोणी शिकवीत नाही. ते पाहून शिकते. मेंढ्यांवर दात चालविणारे पिलू मात्र वाड्यावर ठेवले जात नाही. म्हणून जो कुत्रा परक्याच्या अंगावर जातो, तोच कोकराने पाठीवर उडी मारली तरी निमूट पडून राहतो. या दोन वागणुकींत विसंगती नाही. एकाच संगोपनाच्या त्या दोन बाजू आहेत. मालकाने एक हाळी दिली की असा कुत्रा थांबतो, आणि उग्र व बेताल यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे.

प्राणिवर्तनशास्त्राने या जुन्या अनुभवाला विसाव्या शतकात आधार दिला. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिलाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सामाजिक ओळखी पक्क्या होण्याचा असतो. या काळात माणसाचा सहवास न मिळालेले पिलू पुढे माणसाला बुजते, असे त्यांना दिसून आले. रेमंड कॉपिंजर यांनी १९७६ नंतर तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया व इटली या देशांतील राखणदार कुत्र्यांची पिले आणून अमेरिकेतील मेंढपाळांना दिली. त्यांच्याही अनुभवात, कोवळ्या वयात मेंढ्यांत वाढणे ही चांगल्या राखणदाराची पहिली अट ठरली.

कुत्र्याच्या उग्रतेला प्राचीन काळी दूषण मानीत नसत, उलट भूषण मानीत. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या काशाच्या प्रसिद्ध रथावर बैलांमागील दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. महाराष्ट्रातील माणूस व कुत्रा यांच्या सहवासाचे हे फार जुने शिल्प होय. बाबिलोनच्या इराणी क्षत्रपाने इतके भारतीय शिकारी कुत्रे बाळगले होते की, त्यांच्या अन्नासाठी चार गावांना इतर करांतून सूट दिली होती, असे हीरॉडोटस सांगतो. राष्ट्रकूटकालीन आतकूर (कर्नाटक) येथील इ. स. ९४९-५० च्या शिलालेखात काळी नावाच्या कुत्रीने रानडुकराशी झुंज घेऊन प्राण सोडल्याची हकीकत कोरलेली आहे. या सर्व उल्लेखांत कुत्र्याचा पराक्रम हा त्याच्या धन्याचा मान आहे.

जुन्नर-आंबेगावात हाच भाव खंडोबाच्या उपासनेत टिकून राहिला आहे. वडज (जुन्नर) व धामणी (आंबेगाव) ही येथील खंडोबाची प्रसिद्ध स्थाने. देवाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच, आणि देवाला वाहिलेला भक्त स्वतःला वाघ्या म्हणवितो. पूर्वी वाघे कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्याप्रमाणे भुंकत खात. धनगरांत कुत्र्याचे नावही बहुधा वाघ्याच. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या समाधीची कथा सर्वश्रुत आहे. ते स्मारक १९३६ मधील असून त्या कथेला शिवकालीन पुरावा नाही. तरीही धन्याच्या थोरवीतून कुत्र्याच्या निष्ठेची ख्याती कशी उभी राहते, याचे ते उदाहरण म्हणून घेता येते. भीतीची ख्याती याच वाटेने येते, केवळ उलट दिशेने.

भीती होती ती पिसाळलेल्या कुत्र्याची. पाश्चरची लस १८८५ मध्ये निघाली. भारतात ती कसौली (१९००) व कुन्नूर (१९०७) येथील संस्थांतून मिळू लागली. तोपर्यंत चावलेल्या माणसाला उपाय नव्हता. या भीतीत जातीचा प्रश्न नव्हता. कोणताही कुत्रा पिसाळू शकतो.

जबाबदारी कोणाची, याविषयी भारतीय धर्मशास्त्राची भूमिका स्पष्ट होती. सुळे-दात असलेल्या किंवा शिंगे असलेल्या जनावराने कोणास धरले आणि मालक सामर्थ्य असूनही त्याला सोडवीत नसेल, तर मालकास प्रथमसाहस दंड व्हावा. पीडित माणूस ओरडत असतानाही तो गप्प राहिला, तर दंड दुप्पट व्हावा, असे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितले आहे. जनावर कोणत्या वंशाचे, हे स्मृतिकार विचारीत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे २८९ वे कलम याच धर्तीचे होते : आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास शिक्षा. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत (कलम २९१) तोच विचार कायम असून दंडाची मर्यादा एक हजार रुपयांवरून पाच हजारांवर नेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने तर आणखी एक पाऊल टाकले. सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे हा त्यात अपराध मानला आहे. साखळीला बांधून एकाकी ठेवलेला कुत्रा चिडखोर होतो, हे खेड्यातील कोणीही सांगेल. कुत्रा ‘कडक’ व्हावा म्हणून त्याला मुद्दाम बांधून, लोकांपासून तोडून ठेवण्याची रीत तेवढीच परिचित आहे. या कलमाची खेडोपाडी किती लोकांना माहिती आहे, हा भाग वेगळा.

जातीच्या नावाची भीती पाश्चात्त्य जातिवंत कुत्र्यांबरोबर आली. त्यांच्या ख्यातीचा इतिहास पाहिला असता मालकाची सावली पदोपदी दिसते. जर्मन शेफर्ड हा मुळात मेंढपाळाचा कुत्रा. पण पहिल्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ हा शब्दच ब्रिटिशांना नकोसा झाल्याने तेथे त्याचे नाव अल्सेशियन ठेवण्यात आले. मराठी घरांतही तो त्याच नावाने पोहोचला. ब्रिटनमध्ये मूळ नाव १९७७ मध्ये परत आले. डॉबरमन ही जात जर्मनीतील आपोल्डा येथील करवसुली करणाऱ्या कार्ल फ्रीड्रिख लुई डॉबरमन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या रक्षणासाठी तयार केली. पिट बुलचे पूर्वज इंग्लंडमध्ये साखळदंडाने बांधलेल्या बैलांवर सोडले जात. १८३५ मध्ये त्या खेळावर कायद्याने बंदी येताच शौकीन मंडळी कुत्र्यांच्या झुंजींकडे वळली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २००७ मध्ये झुंजींच्या एका अड्ड्यातून सुमारे पन्नास पिट बुल जप्त झाले. हे सर्व ठार करावे लागतील अशी अपेक्षा होती. तपासणीनंतर आक्रमकतेमुळे मारावा लागला तो केवळ एक. उरलेल्यांपैकी अनेक पुढे कुटुंबांत राहिले.

तरीही जातींच्या याद्या करण्याचा मोह शासनांना आवरत नाही. ब्रिटनने १९९१ मध्ये चार प्रकारांवर निर्बंध घातले व पुढे त्यांत भर घातली. इटलीने आपली यादी २००९ मध्ये मागे घेतली. भारत सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींचे पालन, विक्री व आयात रोखण्यास सांगितले. संबंधितांशी सल्लामसलत झाली नाही, या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र पुढच्याच महिन्यात रद्द केले. त्या यादीत तुर्कस्तानचा कंगाल व मध्य आशियाई शेफर्ड ही मेंढ्यांची राखण करणारी कुत्री होती. ती वाड्यावरच्या वाघ्याची व्यवसायबंधू होत, हे धनगराला सांगितले असते तर त्याला नवल वाटले नसते. त्यांच्यावरील बंदीचे मात्र वाटले असते.

अमेरिकेतील २००० ते २००९ या काळातील २५६ प्राणघातक हल्ल्यांच्या तपासणीत, कुत्र्याची जात खात्रीने ठरविता आली अशी प्रकरणे केवळ ४५ निघाली. त्याउलट, शेकडा ७६ प्रकरणांत कुत्रा घरच्यांच्या सहवासात न ठेवता साखळीला, आवारात किंवा कोंडून ठेवलेला होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या एका जनुकीय अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वर्तनातील भिन्नतेपैकी सुमारे नऊ टक्के भिन्नताच जातीने स्पष्ट होते, असे आढळले. यावरून जातीला काहीच अर्थ नाही, असे म्हणणे मात्र अतिरेकाचे ठरेल. देहाचा आकार व जबड्याची ताकद वंशानेच येते. पन्नास किलोंचा बिघडलेला कुत्रा पंधरा किलोंच्या बिघडलेल्या कुत्र्यापेक्षा अधिक घातक असतो. मोठ्या कुत्र्याच्या मालकावर मोठी जबाबदारी येते ती या कारणाने.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या परिसरातील कुत्र्याचे जीवनच पालटले आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे पूर्व भाग बागायती झाला, विघ्नहर व भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले आणि उसात बिबट्या नांदू लागला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. माणसाचा राखणदारच भक्ष्य झाला.

बिबट्याची ख्यातीही माणसाच्या वागण्याने किती बदलते, हे जुन्नर वनविभागातच दिसून आले. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. उसातून पकडलेले २९ बिबटे लगतच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा उपक्रम सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक धोकादायक ठरले, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र चालविले जाते.

बिबट्याच्या भयामुळे वस्तीवरील कुत्रा आता रात्री जाळीच्या पिंजऱ्यात किंवा घराच्या ओसरीवर बंद केला जातो. त्याचा जीव वाचतो. पण रात्रीची राखण केवळ आवाजापुरती उरते, आणि दिवसाही साखळीला असलेल्या कुत्र्याला परक्या माणसाची पारख करण्याची संधी मिळत नाही. घराजवळून जाणाऱ्या प्रत्येकावर तो सारखाच गुरगुरतो, आणि शेजारी त्यालाच कडक कुत्रा म्हणतात. कळपाबरोबर हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधण्याची पद्धत हिमालयातील मेंढपाळांत जुनी आहे. बिबट्या मानेला धरतो म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्नर वनविभागातील पिंपरखेड (ता. शिरूर) येथील काही शेतकऱ्यांनी शेतात जाताना तसलेच खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात बांधले.